सीएसएमटीसमोर थांबायला शीक

अरे, नव्या लेन्सची घाई करू नकोस. आहे तो कॅमेरा घे आणि सीएसएमटीसमोर चार संध्याकाळी नुसता उभा राहा. १८८८ सालच्या या इमारतीचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे सूर्य कलला की पिवळसर दगड अक्षरशः पेटतो. बेस्टची लाल बस आडवी आली तर चिडू नकोस, तिलाच फोटोत घे. ऊन गेल्यावर बॅग आवरू नकोस. आकाश गडद निळं, दिवे लागलेले, ती वीसेक मिनिटं खरी! खांबाला टेकून शटर १/१५ सेकंद उघडं राहील असं ठेव. फोटोत इमारत स्थिर राहते, गर्दी वाहते. ट्रायपॉड नको, लोकांच्या पायात येतो. पहिल्या दिवशी मी दोनशे फोटो काढले, ठेवला एकच. त्यातही कोपऱ्यात कुणाचं तरी कोपर आहे.