रोज चालूनही वजन उतरत नसेल, तर व्यायामाचा काय उपयोग?

तुम्ही लिहिलं आहे: वय ४४, आठ महिने रोज चाळीस मिनिटं भरभर चालणं, वजन ८३ वरून जेमतेम ८२, घरच्या काट्यावर चरबी कधी २९ टक्के तर कधी २६. मग तब्येतीचं सगळं खाण्यावरच अवलंबून असतं का, आणि चालणं बंद करू का, असा प्रश्न. शिवाय ७१ वर्षांच्या आईने या वयात व्यायाम सुरू करून काय होणार, हा दुसरा. पण मधेच कंसात तुम्ही एक वाक्य टाकलंय की पट्टा आता एक भोक आत लागतो. माझ्या मते तुमच्या पूर्ण प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं तेच वाक्य आहे.

चालणं बंद करू नका. का, ते जरा सविस्तर सांगतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. रोज भेटणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक साखळी पक्की बसलेली असते: व्यायाम केला की वजन उतरतं, आणि वजन उतरलं की तब्येत सुधारते. मधली कडी निसटली की माणूस सगळंच सोडून देतो. तुम्ही आत्ता त्याच जागी उभे आहात, म्हणून एवढं लांब लिहितोय. व्यायामाचा बराचसा फायदा त्या मधल्या कडीला वळसा घालून थेट शरीरापर्यंत पोचतो.

आधी वजनाचा हिशेब. तुमच्या वजनाच्या माणसाच्या चाळीस मिनिटांच्या भरभर चालण्यात साधारण दोनशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत ७,७०० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे कागदावर सव्वा महिन्याला एक किलो. प्रत्यक्षात तसं घडत नाही, कारण शरीर हिशेब जुळवत बसतं. भूक थोडी वाढते, चालून आल्यावर आपण उरलेला दिवस जरा जास्त टेकतो, आणि हे आपल्या लक्षातही येत नाही. वजन उतरवायचंच असेल तर खाण्याचा वाटा मोठा असतो, हे तुम्ही ऐकलेलं खरं आहे. त्यावरून चालणं वाया गेलं असं मात्र ठरत नाही.

काटा मोजतो काय? हाडं, स्नायू, चरबी, पाणी, पोटातलं अन्न, सगळं एकत्र. व्यायाम सुरू केल्यावर स्नायू जास्त साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवू लागतात, आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. चरबी थोडी गेली, पाणी थोडं आलं, की आकडा तिथल्या तिथेच. बीएमआयचंही तेच. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायची ही कल्पना केटले नावाच्या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाची, १८३० च्या दशकातली. तो सरासरी माणसाचं माप शोधत होता, कुणा एकाची तब्येत तपासत नव्हता. हजारो लोकांची पाहणी करायला बीएमआय ठीक आहे. तुमच्या शरीरात चरबी किती आणि ती कुठे बसली आहे, हे त्याला कळत नाही.

आणि 'कुठे' याला फार महत्त्व आहे. कातडीखालची चरबी, म्हणजे चिमटीत धरता येते ती, तुलनेने कमी त्रासाची. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठते आणि यकृतात शिरते, ती घातक. तिथून सुटलेली मेदाम्लं यकृतापर्यंत सरळ पोचतात, इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकाला, शरीर दाद देईनासं होतं, रक्तातली साखर आणि ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढतात. नियमित चालण्या-पळण्याने ही आतली चरबी कमी होते, आणि पुष्कळदा वजन फारसं न हलता कमी होते. तुमच्या पट्ट्याचं भोक बहुधा हेच सांगतंय. खात्री करायची तर शिंप्याकडे असतो तसला टेप घ्या. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मध्ये, उघड्या पोटावर, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढू नका. घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा, म्हणजे १७० सेंटिमीटर उंचीला ८५ च्या आत. तुमचा जास्त असेल तरी घाबरू नका. तो खाली सरकतोय का, हे महिन्यातून एकदा पाहिलं तरी पुरे.

पट्ट्यावरून एक जुना अभ्यास आठवतो, आणि मला तो फार प्रिय आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस या डॉक्टरने डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. गाडी एकच, शहर एकच, पगाराचा थर साधारण एकच. फरक एवढाच की ड्रायव्हर पाळीभर बसून असायचा आणि कंडक्टर दिवसाकाठी शेकडो पायऱ्या चढायचा-उतरायचा. १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, झाला तरी उशिरा होतो, आणि तो तेवढा जीवघेणा नसतो. त्यावर साहजिक शंका निघाली की ड्रायव्हर मुळातच जाड असतील. मग मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गणवेशांच्या नोंदी काढल्या, पँटच्या कमरेचं माप पाहिलं. ड्रायव्हर खरोखरच कमरेत रुंद होते. पण सडपातळ कंडक्टर विरुद्ध सडपातळ ड्रायव्हर, आणि स्थूल कंडक्टर विरुद्ध स्थूल ड्रायव्हर अशी जोडी लावली, तरी अचानक मृत्यूचं प्रमाण कंडक्टरांमध्येच कमी निघालं. अशा अभ्यासात एक पेच नेहमी राहतो: आजारी माणूस मुळात कमी हलतो, त्यामुळे कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे सोडवून घ्यावं लागतं. पण त्यानंतर सत्तर वर्षं वेगवेगळ्या देशांतून येणारे पुरावे याच दिशेला बोट दाखवत आले आहेत.

हे घडतं कसं, याचं मोठं उत्तर स्नायूंत आहे. इन्सुलिनच्या हुकुमाने रक्तातून जी साखर उचलली जाते, तिचा फार मोठा भाग स्नायू घेतात. स्नायू काम करत असताना तर साखर आत घेणारी दारं इन्सुलिनची वाट न बघताच उघडतात. चालून आल्यावर पुढचे काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंतही, स्नायू इन्सुलिनला जास्त चांगली दाद देतात. हा फायदा मिळायला एक ग्रॅमही वजन उतरावं लागत नाही. पण तो टिकतो दोन-एक दिवस, म्हणून सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको. रक्तदाब थोडा उतरणं, झोप सुधारणं, यांचंही तसंच.

उलट बाजू मी स्वतः अनुभवली आहे. काही वर्षांपूर्वी पाय मोडला, सात आठवडे त्या पायावर भार द्यायचा नव्हता. प्लॅस्टर निघालं तेव्हा वजन तीन किलोने कमी भरलं. भेटायला आलेले म्हणाले, 'वा, बारीक झालात!' टेपने मोजलं तर मांडीचा घेर चार सेंटिमीटरने घटला होता, आणि एक मजला चढताना मला मधे कठड्याला धरून उभं राहावं लागलं. काट्याच्या हिशेबाने माझी प्रगती झाली होती. त्या वेळी मी आयुष्यात सगळ्यात अशक्त होतो. हे शिकून झालेलं होतं, इतरांना सांगून झालेलं होतं, तरी स्वतःच्या पायाखाली कळलं तेव्हा फार वेगळं वाटलं.

१९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये वीस वर्षांच्या आसपासच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवलं होतं. शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं, ही दमसासाची खरी मोजणी, ती त्यांच्यात चौथ्या हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना परत बोलावलं. शरीरातली चरबी १४ टक्क्यांवरून २८ वर गेली होती. तरी तीस वर्षांनी वय वाढून त्यांची जेवढी क्षमता गेली, त्यापेक्षा जास्त ती तरुणपणी तीन आठवडे पडून राहण्याने गेली होती. मग त्यांना सहा महिने हळूहळू वाढवत चालणं, पळणं, सायकल असा सराव दिला, आणि वयाने गमावलेली क्षमता परत आली. चरबी मात्र जुन्या पातळीच्या आसपासही गेली नाही. पाचच माणसं होती हे खरं, पण इतक्या बारकाईने एवढी वर्षं कुणाला तपासलं गेलेलं क्वचितच दिसतं.

याचा अर्थ चरबीने काही बिघडत नाही असा कृपया काढू नका. 'फिट असलात की जाडी चालते' असं हल्ली सर्रास सांगितलं जातं, ते मला पटत नाही. हृदयाच्या बाबतीत दमसास बराच सांभाळून घेतो. मधुमेहाच्या बाबतीत चरबीचं पारडं जड पडतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना दोन्ही करायला लावलं: आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, आणि खाणं आवरून सुमारे ७ टक्के वजन उतरवणं. मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ते ३१ टक्क्यांनी घटलं होतं. म्हणून साखर सीमारेषेवर असेल तर खाण्याकडेही बघा. तुमच्यासाठी ७ टक्के म्हणजे सहा किलोच्या आत.

फक्त खाणं कमी करून वजन उतरवू नका, एवढं कळकळीने सांगतो. नुसत्या उपासमारीने उतरलेल्या वजनात साधारण पाव भाग चरबी सोडून इतर शरीराचा असतो, त्यात स्नायूही आले. पुढे वजन परत चढतं तेव्हा चरबी सहज येते, स्नायू सहज येत नाहीत. आणि तिशीनंतर ते तसेही दर दशकात काही टक्क्यांनी कमी होत असतात. तुमच्या दिनक्रमात हीच एक उणीव मला दिसते. चाळीस मिनिटं रोज म्हणजे आठवड्याला २८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आहे, तो तुम्ही भरून काढताय. पण त्याच शिफारशीत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, आणि तो लोक वाचतच नाहीत. दोन दिवस चालणं वीस मिनिटांवर आणा. उरलेल्या वेळात उठाबशा, भिंतीला किंवा जमिनीवर हात टेकून जोर, पाठीसाठी काहीतरी ओढायचा व्यायाम, एखादं वजन जमिनीवरून नीट उचलून ठेवणं. शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटलं पाहिजे. वजन नव्हे, हे 'जड वाटणं' जपा, म्हणजे सोपं झालं की भार थोडा वाढवा.

तुमच्या काट्यावरच्या चरबीच्या टक्क्याबद्दल थोडक्यात. तो काटा पायातून अगदी क्षीण वीज पाठवतो आणि तिला होणाऱ्या अडथळ्यावरून अंदाज बांधतो. पाणी किती प्यालात, घाम किती आला, जेवण कधी झालं, यावर तो अंदाज हलतो. २९ आणि २६ मधला फरक एवढ्यानेही पडू शकतो. बघायचंच असेल तर सकाळी उठून, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी, आणि महिन्यांचा कल बघा.

आता आईंबद्दल. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायाच्या ताकदीचा व्यायाम दिला होता, आणि तोही चांगला जड. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या मधल्या भागातला स्नायू ९ टक्क्यांनी. तुमच्या आई त्यांच्यापेक्षा जवळजवळ वीस वर्षांनी लहान आहेत. रक्तदाब, छातीत दुखणं, हाडं ठिसूळ असणं, चक्कर, यातलं काही असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. नसेल तर चालण्याआधी त्यांना खुर्चीवरून उठायला शिकवा, कारण उतारवयात पडण्यामागे मांड्या कमजोर होणं हे एक मोठं कारण असतं. भिंतीला टेकवलेली, हात नसलेली खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडून उठायचं, पूर्ण उभं राहायचं, सावकाश बसायचं. जमत नसेल तर आसनावर जाड उशी ठेवा आणि जमेल तशी ती पातळ करत जा. एक दिवसाआड, दमेपर्यंतच्या दोन-तीन फेऱ्या, सोबत कुणीतरी उभं असावं.

सुरू करण्याआधी तीस सेकंदांत त्यांना हात न टेकवता किती वेळा उठता येतं ते मोजा. त्यांच्या वयाच्या स्त्रीला दहापेक्षा कमी वेळा जमलं तर पाय कमजोर आहेत असं धरतात. आकडा तारखेसकट कुठेतरी लिहून ठेवा आणि सहा आठवड्यांनी परत मोजा. त्याच कागदावर तुमच्या पोटाचा घेर आणि तुमच्याही उठाबशांचा आकडा लिहा, आणि तेव्हा काय दिसलं ते इथे सांगा.