शिट्ट्या मारल्या की हुर्यो उडवली?

प्रश्न थोडक्यात असा: रशियन संगीतकार शोस्ताकोविचचा ‘नाक’ हा ऑपेरा नव्यानं बसवलेला पाहून आलेल्या एका रशियन प्रेक्षकाचा मजकूर तुम्ही मराठीत आणताय. त्यात ‘शेवटी काहींनी शिट्ट्या मारल्या, काहींनी नाकं मुरडली’ असं वाक्य केलंत. मित्रानं ते वाचून विचारलं, ‘म्हणजे नक्की आवडलं की नाही?’ आणि आता तुम्हालाही शंका येतेय.

मित्राचं बरोबर आहे. गडबड शिट्टीची आहे. आपल्याकडे शिट्टी ही पावती असते. ढोलकीच्या फडावर शिट्ट्या पडतात, फेटे उडतात. थेटरात हिरोची एन्ट्री झाली की मागच्या रांगांतून शिट्ट्या येतात, आणि नाही आल्या तर वितरकाच्या पोटात गोळा येतो. रशियनमध्ये मात्र नाटकाला शिट्टी म्हणजे थेट धिक्कार. त्यासाठी ‘अस्विस्तात्’ असं क्रियापदच आहे: एखाद्याला शिट्ट्या मारून पाडणे. इटलीतही ऑपेराला शिट्टी पडली की गायकाचा चेहरा उतरतो.

बरं, मराठीत शिट्टीची क्रियापदंही सावध करणारी आहेत. पोलीस शिट्टी वाजवतो, कुकरची शिट्टी होते, प्रेक्षक किंवा कट्ट्यावरचा टवाळ शिट्टी मारतो, आणि सूर धरून जी घालतात ती शीळ. यातल्या एकातही तिरस्कार नाही. (रशियात घरात शिट्टी वाजवली तर पैसा जातो म्हणतात. आपल्याकडे रात्री शीळ घातली तर साप येतो. अपशकुनाच्या बाबतीत तरी दोन्हीकडच्या आज्या एकमतानं चालतात.)

तुम्हाला हवा तो शब्द ‘हुर्यो’. हुर्यो उडवणे यात जमाव आहे, आवाज आहे आणि समोरच्याला तोंडावर हिणवणं आहे. ‘टर उडवणे’, ‘खिल्ली उडवणे’ हे चहाच्या टेबलावर बसूनही होतं, ते इथे पुरत नाही. ‘नाटक पाडणे’ हा परिणाम झाला, आणि तो एका रात्रीत होतोच असं नाही. आवाज राखायचाच असेल तर ‘शिट्ट्या मारून हुर्यो उडवली’ असं लिहा. शिट्टीचा अर्थ मग शेजारचा शब्दच सांगतो.

आता नाकं मुरडणे. हा वाक्प्रचार तुमच्या वाक्यात बसतो, पण जागा चुकली आहे. नाक मुरडायला आवाज लागत नाही. पडदा पडल्यावर हजार माणसं एका दमात हुर्यो उडवतात, नाक मात्र ज्यानं त्यानं आपापलं मुरडायचं, बहुधा बाहेर कोट घेताना किंवा दुसऱ्या दिवशी फोनवर. म्हणून दोन्ही क्रिया एकाच ‘शेवटी’ला बांधू नका. ‘काहींनी तिथेच हुर्यो उडवली, बाकीच्यांनी घरी जाऊन नाकं मुरडली’ हे खरं मराठी दृश्य.

‘नाक मुरडलं’ की ‘नाकं मुरडली’? दोन्ही रूढ आहेत. या ऑपेराच्या बाबतीत मी अनेकवचन घेईन, कारण रंगमंचावरही नाकांचं अनेकवचन झालेलंच आहे. लंडनच्या रॉयल ऑपेरात बॅरी कॉस्कीनं २०१६ साली बसवला तेव्हा भलीमोठी नाकं रांगेनं टॅप डान्स करत होती. म्यूनिकला २०२१ साली किरिल सेरेब्रेनिकोव्हनं आणखी गंमत केली: तिथे ज्याच्या तोंडावर जास्त नाकं त्याची पत मोठी, आणि नायक मेजर कोवाल्योवची पंचाईत अशी की त्याच्याकडे उरलं एकच. नाक म्हणजे अब्रू हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

मूळ गोष्ट रशियन लेखक गोगोलची, १८३६ सालची. सकाळी उठून बघतो तर मेजरसाहेबांचं नाक गायब, आणि ते वरच्या हुद्द्याचा गणवेश घालून पीटर्सबर्गात हिंडतंय. शोस्ताकोविचनं विशीच्या आसपास त्याचा ऑपेरा केला. लेनिनग्राडला जानेवारी १९३० मध्ये तो पहिल्यांदा रंगमंचावर आला तेव्हा एका परीक्षणाचा मथळाच होता ‘अराजकवाद्याचा हातबॉम्ब’. याला कोणी नाक मुरडणं म्हणणार नाही. थोड्याच काळात तो बंद पडला आणि सोव्हिएत रंगमंचावर परत यायला १९७४ साल उजाडावं लागलं. पहिल्या अंकात नुसत्या तालवाद्यांचा एक तुकडा आहे, सूर औषधालाही नाही. मी तो घरी लावला तर आई आतून ओरडली, ‘भांडी कोणी पाडली रे?’ प्रेक्षकांच्या प्रतिक्रियांत हीही धरायला हरकत नाही.

पुढे तुमच्या मजकुरात पोद्तोचिनाबाईंचं पत्र आलं तर तिथे जास्त जपा, कारण खरा शब्दांचा घोळ तिथेच आहे. कोवाल्योवला संशय असतो की या बाईनंच करणी करून आपलं नाक पळवलं, का तर आपण तिच्या मुलीला मागणी घालत नाही म्हणून. तो तसं पत्र लिहितो. रशियनमध्ये एखाद्याला ‘नाकासकट सोडणे’ म्हणजे त्याला हात हलवत परत पाठवणे. बाई बिचाऱ्या नाकाचा हाच अर्थ घेतात आणि उलट कळवतात की छे, आम्ही तुम्हाला नकार कशाला देऊ, तुम्ही आजच मागणी घाला.

नुसता अर्थ बघितला तर ‘वाटाण्याच्या अक्षता लावणे’ नेमका बसतो. लग्नाचाच मामला, त्यात अक्षता. पण नाक गेलं की विनोदही गेला. मी तिथे ‘नाक कापणे’ वापरेन: ‘आपण नाकाचा उल्लेख केला आहे. आम्ही नकार देऊन आपलं नाक कापू अशी आपल्याला भीती असेल, तर तसं काही आमच्या मनातही नाही.’ नकाराच्या जागी अपमान थोडा वर येतो, हे मान्य. पण कोवाल्योव गालांच्या मधल्या सपाट जागेवर हात ठेवून हे वाक्य वाचतोय, हे डोळ्यांपुढे आणा.

आणि एक, तुम्ही न विचारलेलं. ‘नव्या प्रयोगाबद्दल’ असं तुमच्या शीर्षकात आहे. मराठीत प्रयोग म्हणजे एक खेळ: रविवारी दुपारचा प्रयोग, शंभरावा प्रयोग. दिग्दर्शकानं सगळंच नव्यानं मांडलं असेल तर ‘नव्यानं बसवलेला’ म्हणा, नाहीतर वाचकाला वाटेल की जुन्याच संचाची पुढची तारीख लागली आहे.