'सोशल एंटरप्राइज'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की सोशल एंटरप्राइजला, म्हणजे समाजाच्या भल्यासाठी पण देणग्यांवर नाही तर स्वतःच्या कमाईवर चालणाऱ्या धंद्याला, 'सामाजिक उपक्रम' म्हटलं तर चालेल का, आणि 'ना नफा ना तोटा' म्हणतात ते हेच ना.

माझ्या मते दोन्ही नाही. उपक्रम म्हटलं की रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, मंडळाचं वह्यावाटप असलंच डोळ्यासमोर येतं, त्यात रोजचा धंदा, मजुरी, हिशोब काही येत नाही. आणि 'ना नफा ना तोटा' हे फक्त भाव कसा लावला ते सांगतं. इथे पैसा उरू शकतो, उरायलाच हवा, फक्त तो कुणाकडे जातो ते बघायचं.

पुण्यातलं 'स्वच्छ' घ्या ना. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासूनची, तिच्यातूनच कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा घ्यायला लागली. ताई ढकलगाडी घेऊन येतात, ओला-सुका वेगळा घेतात, घरटी महिन्याची फी त्यांची आणि सुक्यातून निवडलेला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा भंगारात विकून येतील ते पैसेही त्यांचेच. वजनावर बिल काढणारा ठेकेदार असला की त्याला गाडी जितकी जड तितकं बरं, सगळं एकत्र नेऊन डेपोवर ओतलं की झालं. इथे उलट, जेवढं निवडाल तेवढी कमाई, मग डेपोवर आपोआप कमी जातं. याला कुणी समाजसेवा म्हटलं की मला खरंच राग येतो, त्या बायकांच्या कष्टाचा धंदा आहे तो, मालकीसकट.

म्हणून मी 'सामाजिक उद्योग' म्हणेन. 'सामाजिक उद्योजक' पेपरात येतंच, त्याच्याशी जोडी पण जमते. 'सेवाभावी संस्था' नको, त्यात देणगी गृहीत धरलेली असते. मग सरळ 'सहकारी संस्था' का नको तर ते झालं कायद्यातलं रूप, मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय (१९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालेलं) ट्रस्टचं आहे, पैसे देणाऱ्या पेशंटच्या फीवर बाकीच्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं मोफत होतात, ते सहकारी नाही तरी याच जातकुळीतलं.

उरलेल्या पैशाला 'नफा'पेक्षा 'वाढावा' म्हणा, संस्थांच्या ताळेबंदात हा शब्द आहेच. वाक्यात असं वापरता येईल: "बचत गटाची खानावळ हा सामाजिक उद्योग आहे, यंदाच्या वाढाव्यातून नवीन शेगडी घेतली."