नसांच्या गोळीने पोट ढवळतं, बंद करू का?

मधुमेहामुळे पायांची आग होणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात. एकोणसाठ वर्षांच्या एका काकूंनीही तोच विचारला. शिवाय सकाळी फिरून येताना हात थरथरायचे, घाम फुटायचा.

घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, असं त्यांना सांगितलं होतं. टेबलावर पाकिटं मांडली, मागची बारीक अक्षरं वाचली आणि गुंता उलगडला. डॉक्टरांनी दिलेली रात्रीची गोळी मेथिलकोबालामिन (बी-12 जीवनसत्त्वाचं एक रूप) आणि 75 मिलिग्रॅम प्रीगाबालिन (नसांची आग, वेदना कमी करणारं औषध) यांची. दुसरी शेजारणीने सुचवलेली, 600 मिलिग्रॅम अल्फा लिपोइक ॲसिड या पूरक औषधाची. ती सकाळ-संध्याकाळ, म्हणजे दिवसाला 1200. काकूंच्या लेखी दोन्ही 'नसांच्याच गोळ्या'.

मळमळ वाढवली ती दुसऱ्या गोळीच्या डोसने. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 600, 1200 आणि 1800 मिलिग्रॅम पाच आठवडे देऊन पाहिले होते. आराम तिन्हींत जवळपास सारखाच, मळमळ मात्र डोसबरोबर वाढत गेली. त्यामुळे ही गोळी दिवसातून दोनदा घेऊन पदरात पडतो तो मुख्यतः त्रासच.

ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घेतात, कारण अन्नासोबत ती कमी शोषली जाते. काकू सहा वाजता ती घ्यायच्या आणि साखर कमी करणारी ग्लिमेपिराइडही त्याच घोटाबरोबर. नाश्ता साडेनऊला! थरथर सुटली तेव्हा ग्लुकोमीटरवर 62 आले होते, म्हणजे साखर पडली होती. ग्लिमेपिराइड पहिल्या खाण्याबरोबरच घ्यायची असते. त्यात लिपोइक ॲसिडही साखर थोडी खाली आणू शकतं. साखर अशी पडली की तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. वेळा सुधारूनही साखर वारंवार पडत असेल तर लिपोइक ॲसिड थांबवून लगेच डॉक्टरांकडे जावं: क्वचित या औषधाने शरीरात इन्सुलिनविरोधी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात.

डॉक्टरांशी बोलून लिपोइक ॲसिड दिवसाला एकच ठेवलं, ग्लिमेपिराइड नाश्त्याबरोबर आली. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू होती आणि तिने बी-12 कमी होऊ शकतं, म्हणून बी-12 ची तपासणीही लिहून दिली. ते कमी असलं तरी पाय असेच जळतात. लिपोइक ॲसिडने लघवीला गंधकासारखा वास येतो, त्याची काळजी नको. अंगावर पुरळ उठलं तर मात्र ती गोळी त्याच दिवशी बंद.

आणि मूळ प्रश्न. लिपोइक ॲसिड कधीही थांबवता येतं. प्रीगाबालिन तशी एकदम सोडायची नाही. सोडली तर झोप उडते, घाम येतो, जीव घाबरा होतो. ती डॉक्टर किमान आठवडाभरात टप्प्याटप्प्याने उतरवतात. काकूंनी प्रीगाबालिनच्या पाकिटावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'विचारल्याशिवाय बंद नाही.'