न्यूटनची तबकडी करडी दिसते तेव्हा

मॅडम, तुमची न्यूटनची तबकडी, म्हणजे इंद्रधनुष्याच्या रंगांच्या पाकळ्या असलेली फिरती चकती, बिघडलेली नाही. आठवीच्या वर्गात ती फिरवली, पांढऱ्याऐवजी करडी दिसली आणि मागच्या बाकावरून "मग रंगपेटीतले सगळे रंग कालवले की चिखल का होतो?" असा प्रश्न आला, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं उत्तर एकच, आणि पोराने ते जवळजवळ देऊनच टाकलंय.

तबकडीची लाल पाकळी पांढऱ्या उजेडातला मुख्यतः लाल भाग परत पाठवते, बाकीचा गिळते. इतर पाकळ्यांचंही तेच. फिरताना डोळ्याला सगळ्यांची सरासरी दिसते, पण पांढऱ्या कागदाइतका उजेड परत येतच नाही. कमी उजळ पांढरा म्हणजेच करडा. मी सुरुवातीची काही वर्षं "नीट बघा, पांढरी दिसतेय ना?" म्हणत मुलांकडून "हो सर" वदवून घ्यायचो. आठवलं की अजून लाज वाटते. आता तबकडी शेवटी काढतो, तीही कडक उन्हात, मागे काळा पुठ्ठा धरून. मग ती जरा उजळ वाटते.

सुरुवात करा मोबाइलपासून. पडद्यावर पांढरं चित्र लावा आणि बोटाच्या टोकाने मोहरीएवढा पाण्याचा थेंब ठेवा. जुना फोन घ्या, त्याचे ठिपके मोठे असतात. थेंबात फक्त लाल, हिरवे, निळे ठिपके दिसतील. मग पिवळं चित्र लावा: निळे विझतात, पिवळा ठिपका कुठेच सापडत नाही! वर्गात इथे हमखास गलका होतो, होऊ द्या.

लगेच वर्तमानपत्र काढा. रंगीत पानाच्या कडेला बहुतेक वेळा चार बारके ठिपके असतात: आकाशी, गुलाबी, पिवळा, काळा. शाई उजेड देत नाही, गिळते. पिवळी निळा गिळते, आकाशी लाल गिळते. दोन्ही एकावर एक आल्या की उरतो हिरवा. रंगपेटीतला प्रत्येक रंग असाच आपापला घास घेतो, म्हणून चिखल.

उजेडातले रंग वेगळे करणारा काचेचा त्रिकोणी लोलक नसेल तर परातीत पाणी, त्यात तिरका आरसा, खिडकीतलं सकाळचं ऊन. भिंतीवर रंगांचा पट्टा उमटतो. रंग काचेने घातले नाहीत, हे न्यूटनने दुसऱ्या लोलकातून एकच रंग पाठवून दाखवलं. तो तसाच राहिला.

मग हिरव्या जिलेटिन कागदातून कुंकू बघायला द्या, पण अंदाज आधी वहीत लिहून घ्या. ते काळपट दिसतं. कागदाच्या तीन-चार घड्या मात्र कराच, एका थरातून लाल झिरपतो.