काळ्या शाईच्या एचिंगमध्ये, म्हणजे आम्लानं कोरलेल्या पत्र्यावरून कागदावर घेतलेल्या चित्रात, वाळवंटातलं ऊन कसं दाखवत असत?

थोडक्यात सांगायचं तर, ऊन काढायचंच नाही. तिथला कागद कोरा सोडायचा आणि सावल्या तेवढ्या काढायच्या.

अमेरिकन एचिंगकार जॉर्ज एल्बर्ट बर (१८५९–१९३९) यांचं काम बघा. जन्म ओहायोचा, १९०६ मध्ये डेन्व्हरला आले, १९२४ मध्ये थेट ॲरिझोनातल्या फिनिक्सला. ‘डेझर्ट सेट’ ही त्यांची ३५ चित्रांची मालिका गाजली.

एचिंगची पद्धत अशी: तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या आणि पत्रा आम्लात बुडवायचा. मेण खरवडलेलं असतं तिथंच तांबं खाल्लं जातं. रेघ जितका वेळ आम्लात, तितकी खोल आणि काळी. म्हणून दूरच्या डोंगरांच्या रेघा आम्ल लागू नये म्हणून लवकर झाकून टाकायच्या, जवळची झुडपं जास्त वेळ खाऊ द्यायची. अंतराचा भास होतो तो यातूनच. मग रेघांत शाई भरून पत्रा पुसायचा आणि कागदावर दाबून ठसा घ्यायचा. आकाश लख्ख पुसलं तर भर दुपार, शाईचा पातळ पदर ठेवला तर संध्याकाळ किंवा धुळीचं वादळ. एकाच पत्र्यातून दिवसाच्या दोन वेगळ्या वेळा निघू शकतात!

ड्रायपॉइंट या दुसऱ्या पद्धतीत आम्ल नसतंच. सुई थेट तांब्यात. कडेला उठलेल्या खरखरीत कंगोऱ्यात शाई अडकते आणि रेघ मखमली दिसते. त्या कंगोऱ्याला इंग्रजीत ‘बर’ म्हणतात, हा निव्वळ योगायोग. पण तो दाबाखाली लवकर झिजतो, त्यामुळे चांगले ठसे थोडेच मिळतात.

मला विचाराल तर या चित्रांतली निवडुंगं दुय्यम. खरी कमाल त्या मोकळ्या आकाशात आहे.