कंपनीची डॉक्टर की आपत्तीतली?

प्रश्न : मुलगी एमबीबीएसची इंटर्नशिप करते आहे. तिला व्यवसायजन्य आरोग्य (म्हणजे कामातून होणारे आजार) आणि आपत्ती वैद्यक, दोन्हींत काम करायचंय. एरवी फिटनेस सर्टिफिकेटवर सह्या आणि भूकंप झाला की धावपळ, यात डॉक्टरकी कुठे राहिली? – एक पालक

उत्तर : सह्या कराव्या लागतातच, तुमचं खरं आहे. पण सहीआधीचं काम पाहा. बॅटरी कारखान्यातला कामगार पोटदुखी आणि मनगटात जोर नाही म्हणून येतो. अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन त्याची बोळवण करता येते. जाणकार डॉक्टर त्याच्या रक्तातलं शिसं तपासून घेतो आणि स्वतः त्याच्या खात्यात जातो : धूर ओढणारा पंखा चालू आहे का, माणसं तिथेच बसून जेवतात का. रुग्णाला त्याचा व्यवसाय विचारा, असं बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली लिहून ठेवलं. ओपीडीच्या घाईत आजही नेमका तोच प्रश्न राहून जातो.

तुम्ही ज्या दोन वाटा मानताय, त्या मला एकच वाटतात. १९८४ साली भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट कारखान्यातूनच सुटला, आणि रात्रीतून रुग्णालयांत लोंढा आला तेव्हा या विषावर काय करायचं, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये २००१ साली कोसळलेल्या जुळ्या मनोऱ्यांचा ढिगारा उपसणाऱ्यांच्या फुप्फुसात तिथली धूळ गेली. त्यांच्या तपासण्या पुढे वर्षानुवर्षं चालू राहिल्या. बचाव पथकातला माणूसही कामगारच असतो.

फक्त आपत्ती वैद्यकावर पूर्णवेळ नोकऱ्या मोजक्याच. म्हणून रोजची नोकरी व्यवसायजन्य आरोग्यातली, हा तिचा विचार व्यवहाराचाच आहे. मात्र इंटर्नशिप संपली की थेट कारखाना नको. आधी दोन-तीन वर्षं कॅज्युअल्टी किंवा मेडिसिनमध्ये काढू द्या. भाजलेले, विषबाधेचे, श्वास अडकलेले रुग्ण हाताखालून गेले पाहिजेत. मग व्यवसायजन्य आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण, त्यात विषविज्ञान आणि साथरोगशास्त्र मन लावून. आपत्तीचं प्रशिक्षण नोकरी सांभाळूनही होतं. त्यातली स्टार्ट नावाची ट्रायाज पद्धत, म्हणजे आधी कुणावर उपचार करायचे ते ठरवणारी वर्गवारी, बघा : चालू शकणारे बाजूला. उरलेल्यांत श्वास मिनिटाला ३० च्या वर, नख दाबून सोडल्यावर लाली परतायला २ सेकंदांहून जास्त, किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यातलं एक जरी आढळलं तरी लाल पट्टी, म्हणजे उपचार सर्वांत आधी. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळी पट्टी आणि पुढचा रुग्ण. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात हात त्या माणसावरून हलत नाही, म्हणून तर रंगीत तालमी घेतात.

मला काळजी वेगळीच वाटते. पगार मालक देणार आणि रुग्ण कामगार असणार. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८५ च्या १६१ क्रमांकाच्या करारात अशा डॉक्टरांना पूर्ण व्यावसायिक स्वातंत्र्य हवं, असं म्हटलंय. पण 'हे यंत्र बंद करा' हे मॅनेजरला तोंडावर तिलाच सांगावं लागेल. तिला ते जमेल का, हे तुम्हीच जास्त ओळखता. अर्ज भरण्याआधी एखाद्या कारखान्यातल्या डॉक्टरांबरोबर तिला आठवडाभर फिरू द्या, त्यात एक तरी रात्रपाळी असावी.